आडव्या टाकीचा चौथा हिस्सा

धाकटीला या व्यवहारातून जे मिळणार होतं ते मोजून सांगता येण्यासारखं होतं. रस्त्यापलीकडच्या लॉजच्या चाळीस चादरी, एक दिवसाआड. त्या चादरींच्या जोरावर तळमजल्याच्या खोलीबाहेर लाँड्रीची पाटी. पाटी लागली की नवऱ्याची कारखान्यातली रात्रपाळी सुटणार, कारण इस्त्रीला दुसरा माणूस लागणार आणि तो घरचाच परवडणार. रात्रपाळी सुटली की नवरा-बायको एकाच वेळी जागे असणार, जे लग्नानंतर फारसं घडलेलं नव्हतं. म्हणजे चादरी धुऊन तिला शेवटी नवराच मिळणार होता, आणि तोही इस्त्री शिकलेला.

बदल्यात घालायचं होतं पाणी. एका चादरीला साबणाचं आणि दोन वेळा खळबळायचं धरून बारा लिटर. चाळिसांना चारशे ऐंशी. घरच्या अंघोळी-भांड्यांना ऐंशी. एकूण पाचशे साठ. तिच्या वाट्याला तेवढं येतं का, एवढाच प्रश्न होता.

वाट्याची गोष्ट अशी. हे दुमजली घर सासऱ्यांनी बांधलं आणि चार मुलांना चार भाग करून दिले. वरच्या मजल्यावर पुढे थोरली ताई, मागे मधला दादा. खाली पुढचा भाग तिसऱ्याचा, पण तो परदेशी गेला, म्हणून तिथे दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटरकाका भाड्याने राहत. खाली मागे धाकटा आणि त्याची बायको, जिला सगळं घर धाकटी म्हणे. प्यायच्या पाण्याचा नळ ज्याचा त्याचा वेगळा. बाकी सगळ्याला जिन्याखालची टाकी, जी एक दिवसाआड पहाटे काठोकाठ भरे.

सासरे टाक्या वेल्ड करायचे, आणि ही टाकीही त्यांच्याच हातची. आडवं पडलेलं लोखंडी पिंप. त्याच्या गोल तोंडावर उभी काचनळी, आत पाणी किती ते दाखवणारी, आणि नळीशेजारी तांबड्या रंगाच्या तीन खुणा. तळापासून तीस, साठ आणि नव्वद सेंटिमीटर. काठापासून नव्वदच्या खुणेपर्यंतचं पाणी ताईचं, तिथून साठच्या खुणेपर्यंत दादाचं, तिथून तीसच्या खुणेपर्यंत तिसऱ्याचं, उरलेलं धाकट्याचं. आपली पाळी आली की आपला पंप लावायचा, पाणी खुणेला टेकलं की बंद करायचा. चार मुलं, चार सारखे पट्टे. सासऱ्यांनी भांडणाला फटसुद्धा ठेवली नव्हती, निदान त्यांचा तसा समज होता.

टाकीवर त्यांच्याच अक्षरात रंगवलेलं होतं: लांबी २००, व्यास १२०, सेंमी. धाकटीने ते वाचून सकाळी पाळीवरून आलेल्या नवऱ्याला गुणाकाराला बसवलं. त्याचे डोळे अर्धे मिटलेले होते.

"त्रिज्या साठ. तीन पूर्णांक चौदा गुणिले साठ, परत गुणिले साठ, गुणिले दोनशे," तो म्हणाला. "बावीस लाख साठ हजार आठशे घन सेंटिमीटर."

"मीटर करा."

"शंभराने भागलं. बावीस हजार सहाशे आठ घनमीटर."

"आणि एका घनमीटरमध्ये लिटर किती?"

"हजार."

"म्हणजे आपल्या जिन्याखाली सव्वादोन कोटी लिटर पाणी आहे."

धाकट्याने जिन्याकडे बघितलं. "बाबा कधी बोलले नाहीत," तो म्हणाला.

"अहो, एवढ्या पाण्यात आख्खी गल्ली पोहत असती. लांबीला शंभराने भागलंत, मग रुंदीने आणि उंचीने काय घोडं मारलंय? तिन्ही बाजूंना शंभर-शंभर. दहा लाखांनी भागा."

"दोन पूर्णांक सव्वीस."

"आता कसं. दोन हजार दोनशे साठ लिटर आणि वर थोडं. चौथा हिस्सा पाचशे पासष्ट. मला हवंय पाचशे साठ."

"पाच उरतात."

"ते तुमच्या दाढीला," असं म्हणून धाकटी लॉजवर जाऊन हो म्हणून आली. मॅनेजरने महिनाभर काम बघायचं ठरवलं. पटलं तर कायमचं, नाही पटलं तर त्याचा जुना लाँड्रीवाला रुसून बसला होता, तो रुसवा काढायला एक फोन पुरेसा होता.

पहिल्याच पाळीला तिसावी चादर खळबळून झाली आणि पंप कोरडा घरघरायला लागला. दहा चादरी कोरड्या. धाकटीने आधी स्वतःवर संशय घेतला, मग नवऱ्याच्या अंघोळीवर. दुसऱ्या पाळीला तिने हात आखडला, नवऱ्याला ओल्या फडक्यावर भागवायला लावलं, तरी पाच-सहा चादरी राहिल्याच. तिसऱ्या पाळीला तिने दुसरी खळबळ गाळली. चाळीसच्या चाळीस झाल्या, आणि दोन दिवसांनी मॅनेजर दारात उभा.

"बाई, आमच्या एका पाहुण्याला रात्रभर खाज सुटली. चादर झटकली तर साबणाची पांढरी भुकटी. तो म्हणाला, चादर धुतली होती की तळायला पिठात घोळवली होती?"

"पुन्हा नाही होणार."

"नको व्हायला. महिनाभर बघणार म्हटलंय मी," मॅनेजर म्हणाला. माणूस वाईट नव्हता, पण खाज त्याला ऐकावी लागली होती.

आता धाकटीचा संशय टाकीवर गेला. तिने टाकीखाली वर्तमानपत्र पसरलं. दिवसभरात थेंब पडला नाही. मग संशय माणसांवर गेला, आणि माणसांत सर्वांत आधी दादांवर, कारण पाणी फक्त त्यांच्याकडे उरायचं.

दादांना घरात, आणि हल्ली गल्लीतही, बचतराव म्हणत. विमा कार्यालयातली नोकरी संपल्यापासून त्यांनी काटकसर हेच पद स्वीकारलं होतं. जिन्यात त्यांनी कागद चिकटवला होता: 'माझ्याकडे उरते. तुमच्याकडे का नाही?' खाली स्वच्छ सही. त्यांची स्कूटर रोज धुतली जाई आणि ती धुता धुता ते येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी कसं वाचवावं ते समजावत.

"सवयीचा प्रश्न आहे," ते धाकटीला म्हणाले. "मी दाढीला एक पेला घेतो. एक."

"दादा, माझ्याकडे तीस चादरींतच टाकी संपते. हिशेबाने चाळीस व्हायला हव्यात."

"हिशेब कागदावर असतो, उधळपट्टी हातात असते. तू चादर पिळताना पाणी खाली जाऊ देतेस ना?"

"मग कुठे जाऊ देऊ, वर?"

"बघ, उलट उत्तर. शिस्त इथेच गळते." आणि त्यांनी स्कूटरच्या मागच्या चाकावर अर्धी बादली ओतली.

दारात उभी असलेली वहिनी, म्हणजे बचतरावांची बायको, हळूच म्हणाली, "मनावर घेऊ नकोस. मला रोज दोनदा असतं, जेवणाआधी आणि जेवणानंतर."

धाकटीने मनावर घेतलं. पुढच्या पाळीला तिने आपला वाटा घरातल्या पिंपात न सोडता बादल्यांनी मोजला. बादली वीस लिटरची, आत रेघ असलेली. पाचशे पासष्ट म्हणजे अठ्ठावीस बादल्या आणि वर पाव. भरल्या बावीस, आणि तेविसावीच्या तळाशी दोन लिटर. चारशे बेचाळीस. एकशे तेवीस लिटर पाणी जिन्याखालून नाहीसं झालं होतं, आणि जमीन कोरडी होती.

त्या दुपारी थोरली ताई खाली आली. ही मोठी घटना होती. टेलिफोन खात्यात जन्म काढलेली ही बाई स्वतःहून कोणाकडे जात नसे. ती बोलावून घेई. वाटण्या झाल्या तेव्हा पहिला नंबर कोणाचा यावर दादांशी तिचं जुंपलं होतं. 'मी थोरली, मी वरचं पाणी घेणार,' म्हणून तिने तो मिळवला होता. तेव्हापासून पहाटे पाचला उठून ती पहिला पंप लावी, आणि त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू जाईल याची काळजी घेई.

"दार लाव," ती म्हणाली. मग खुर्चीवर बसून पदर सारखा केला. "तुला किती आलं?"

"चारशे बेचाळीस."

"मलाही तेवढंच."

धाकटी बघतच राहिली. "ताई, तुम्ही तर पहिल्या."

"म्हणून तर कोणाला सांगता येईना. भांडून मिळवलेला नंबर. सांगितलं असतं तर दादा जिन्यात आणखी एक कागद चिकटवता." ती खिडकीबाहेर बघू लागली. "माझ्या कुंड्या आठवतात तुला? मला काय झाडांचा कंटाळा आला होता? पुरत नव्हतं पाणी. एकेक करून पेंटरला देऊन टाकल्या. त्याच्याकडे कशा तरारल्यात. लोक म्हणतात, पेंटरच्या हाताला झाडं लागतात. मी पण म्हणते."

आता हिशेबाला नवीन तोंड फुटलं. पहिल्याला कमी, शेवटच्याला कमी, आणि दोघांनाही तितकंच कमी. चोर एवढा समान न्यायाने चोरत नाही. आणि दादांकडे उरतं, पेंटरकाकांच्या कुंड्या तरारतात. म्हणजे मधल्या दोघांना जास्त. धाकटी उठली आणि टाकीसमोर जाऊन उभी राहिली. काचनळी सरळ, खुणा सरळ, अंतर तीस-तीस. मग तिने नळीवरची नजर काढून टाकीच्या तोंडाकडे बघितलं. तोंड गोल होतं.

ती तशीच पेंटरकाकांकडे गेली. काका छोटं चित्र मोठं करताना कागदावर चौकोन आखून घेत, म्हणून त्यांच्याकडे एक-एक सेंटिमीटरच्या चौकोनांचे कागद गठ्ठ्याने असत. तिने मागितला, आणि वर्तुळ काढायला काकाही मागितले.

"केवढं काढू?"

"सहा सेंटिमीटर त्रिज्या. खरी साठ आहे. दहा सेंटिमीटरचा एक करायचा."

काकांनी वर्तुळ काढलं. धाकटीने त्यावर तीन आडव्या रेघा मारल्या, खालून तीन, सहा आणि नऊ सेंटिमीटरवर. टाकीचं तोंड झालं, खुणांसकट.

"आता एक चौकोन म्हणजे खऱ्या टाकीत दहा गुणिले दहा," ती बोटाने दाखवत म्हणाली. "शंभर चौरस सेंटिमीटर. त्याच्या मागे टाकी दोनशे सेंटिमीटर लांब. शंभर गुणिले दोनशे, वीस हजार घन सेंटिमीटर. हजाराचा एक लिटर."

"वीस लिटर," काका म्हणाले.

"एक चौकोन, एक बादली. मोजा."

सगळ्यात खालच्या पट्ट्यात पूर्ण चौकोन थोडे आणि तुकडे बरेच होते. काकांनी तुकड्याला तुकडा जोडत मोजले. बावीस, आणि वर एक चिमूटभर. धाकटीच्या बादल्या होत्या बावीस, आणि वर दोन लिटर. तिने वरचा पट्टा पुढे केला. तोही तेवढाच. मग काका तिसऱ्या पट्ट्याकडे आले आणि मध्येच थांबले.

"हा माझा ना?"

"तुमचा."

"तू हे मोजायच्या आधी सांगितलं असतंस, तर मी म्हणालो असतो कागद संपला."

"थांबू का?"

काकांनी कानामागची पेन्सिल काढून टोक बघितलं. "अर्धवट चित्र मी कोणाला देत नाही," ते म्हणाले, आणि मोजत राहिले. चौतीस, आणि एक निम्म्याला जरा कमी. सहाशे अठ्ठ्याऐंशी लिटर. वरचा दादांचा पट्टाही तेवढाच. टाकी मध्ये रुंद होती, वर-खाली निमुळती, आणि सासऱ्यांनी तिला पेटीसारखी सरळ समजून पट्टे पाडले होते.

"बचतरावांना कोण सांगणार?" काकांनी विचारलं.

"सांगून त्यांना कधी काय पटलंय? त्यांच्याकडूनच वदवून घेते."

रविवारी ताईने सगळ्यांना बोलावून घेतलं. धाकटी कपड्यांचा साबण घरीच करी आणि गोल थाळीत ओतून त्याची भाकरीएवढी चकती पाडी. दर वेळी चार घरांना त्यातला वाटा जाई. आज तिने ती चकती सगळ्यांदेखत टेबलावर ठेवली, पट्टी लावून तीन समांतर खुणा केल्या आणि दोऱ्याने चार पट्ट्या कापल्या. पट्टी पुन्हा लावून दाखवली. रुंदी चारींची सारखी.

"ताई, तुम्ही पहिल्या. घ्या."

ताईने कडेची पट्टी उचलली. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. टेलिफोन खात्यात तीस वर्षं लोकांची गुपितं ऐकून न ऐकल्यासारखी करणं हेच तिचं काम होतं.

"दादा, आता तुम्ही."

बचतरावांनी क्षणभर ताईच्या हातातल्या तुकड्याकडे बघितलं, आणि मधली पट्टी उचलली. पेंटरकाका म्हणाले, "मी दुसरी मधली घेतो, सवय आहे." शेवटी उरली ती कडेची पट्टी धाकटीने घेतली.

"अगं, तुला फारच लहान आली," बचतराव म्हणाले. त्यांच्या आवाजात माया होती, जी हातात मोठा तुकडा असलेल्या माणसाला परवडते. "कापताना बघायचं ना."

"सारख्याच कापल्यात, दादा. रुंदी सारखी आहे."

"रुंदी सारखी असून काय उपयोग? गोलाला कडेला काही नसतंच. हे काय सांगायला पाहिजे?"

वहिनीने तोंडाला पदर लावला. धाकटीने चौकोनांचा कागद टेबलावर ठेवला, त्यावर तीन रेघा मारलेलं गोल. बचतरावांनी कागदाकडे बघितलं, मग साबणाकडे, मग जिन्याच्या दिशेला. विम्याच्या कचेरीत आकडे बघितलेला माणूस होता. समजायला वेळ लागला नाही, मान्य करायला लागला.

"त्या बाबांच्या खुणा आहेत," ते म्हणाले. "बाबांनी स्वतःच्या हाताने केलेल्या. त्या पुसायच्या?"

हे हत्यार धारदार होतं. धाकटा, जो आतापर्यंत पेंगत होता, तोही खाली बघायला लागला. सुनेने सासऱ्याची चूक काढणं वेगळं, आणि सासऱ्याची खूण पुसणं वेगळं.

उत्तर ताईने दिलं. "बाबांनी जन्मभर टाक्या केल्या त्या सगळ्या उभ्या. उभ्या टाकीला खालपासून वरपर्यंत पोट सारखंच. तीस सेंटिमीटर कुठेही घ्या, पाणी तेवढंच. ही पण उभीच करायची होती. पण दोन मीटरची टाकी जिन्याखाली उभी राहीना, म्हणून आयत्या वेळी आडवी घातली. खुणा मात्र हाताला सवय होती तशाच मारल्या. त्यांना चौघांना सारखं द्यायचं होतं, दादा. त्यांचा हेतू पाळायचा की रंग?"

"तुला इतका पुळका कशाचा? तू तर पहिली घेतेस."

"मी पहिली घेते आणि बावीस बादल्या घेते. तू दुसरा घेतोस आणि चौतीस घेतोस. मला बोलायला लाज वाटत होती. तुला कागद चिकटवायला वाटली नाही."

वहिनीने बचतरावांच्या हातातली साबणाची पट्टी घेऊन उलटीपालटी करून बघितली. "म्हणजे इतकी वर्षं जेवणाआधी आणि जेवणानंतर मी जे ऐकलं," ती सावकाश म्हणाली, "ते टाकीचं पोट होतं."

यावर धाकट्याला हसू आवरेना, आणि एकदा तो हसल्यावर बाकीच्यांनाही सोपं गेलं. बचतराव शेवटी हसले, पण ते सर्वांत आधी थांबले.

मग नवीन खुणा. एकूण एकशे तेरा चौकोन, चौथा हिस्सा सव्वाअठ्ठावीस. कागदावर खालची रेघ थोडी थोडी वर सरकवत काका मोजत गेले. मधली रेघ हलवायची गरजच नव्हती. अर्धं ते अर्धंच, तिथे सासरे अचूक होते. खालची रेघ तीनवरून जवळजवळ तीन पूर्णांक सहावर आली, आणि तेवढीच वरची खाली.

"खऱ्या टाकीत छत्तीस सेंटिमीटर," धाकटी म्हणाली. "खालून छत्तीस, वरून छत्तीस."

"जवळजवळ म्हणालीस ना आत्ता?" बचतराव चष्मा लावून पुढे आले. "बरोबर किती?"

काकांनी पुन्हा बघितलं. "पस्तीस पूर्णांक आठ."

"मग पस्तीस पूर्णांक आठवर मारा."

"दादा, दोन मिलिमीटर," धाकटा म्हणाला.

"दोन मिलिमीटर जाड, एकशे दहा सेंटिमीटर रुंद आणि दोनशे लांब. करा गुणाकार. सेंटिमीटरमध्ये करा, शून्य पूर्णांक दोन घ्या, नाहीतर पुन्हा समुद्र काढाल." धाकटीने ती सव्वादोन कोटींची गोष्ट वहिनीला सांगितली होती, आणि वहिनीला सांगितलेलं दादांपर्यंत जाई. "चव्वेचाळीसशे घन सेंटिमीटर. जवळजवळ साडेचार लिटर. मी का सोडू?"

"नका सोडू," धाकटी म्हणाली. "मला पाचशे पासष्टच हवंय. त्याच्यावर थेंब नको."

काकांनी तांबड्या रंगाने दोन नवीन खुणा केल्या, आणि जुन्या पुसल्या नाहीत. त्यावर फिकट राखाडी हात फिरवला. जवळून बघितलं की दिसत.

पुढच्या पाळीला पंप कोरडा पडायच्या आत चाळिसावी चादर दोन वेळा खळबळून बाहेर आली. पण धाकटीचा नंबर शेवटचा. तिचा पंप लागायला दुपार टळली होती, दोन-दोन खळबळींना वेळही जास्त लागला, आणि चादरी दोरीवर गेल्या तोवर ऊन भिंतीवरून निघून चाललं होतं. सकाळी लॉजला द्यायच्या. रात्री तिने हात लावून बघितलं. शेवटच्या दहा कोपऱ्यांत ओलसर होत्या. तिने त्या इस्त्रीने वाळवल्या, आणि वाफेचा वास घेऊनच त्या लॉजवर गेल्या.

मॅनेजरने नाक लावून बघितलं. "साबण गेला," तो म्हणाला. "आता दमट. पुढच्या वेळी मी शेवटचं बघणार."

धाकटी घरी येऊन रिकाम्या दोरीखाली उभी राहिली. पाणी मोजून आणता आलं होतं. ऊन कुठल्या टाकीतून आणायचं? नंबर बदलून मागायचा तर एकाच माणसाकडे मागावा लागला असता, आणि ताईने काय काय सोसून तो नंबर सांभाळला होता ते धाकटीला दार लावून ऐकवलेलं होतं. मागणं धाकटीच्या तोंडून निघेना. धाकट्याच्या निघालं, पण ताईसमोर उभं राहिल्यावर तो फक्त "चहा झाला का" एवढंच विचारून परत आला.

पुढच्या भरण्याच्या दिवशी पाच वाजून गेले, आणि वरचा पंप वाजला नाही. बचतराव गॅलरीत आले. पेंटरकाका दार उघडून उभे राहिले. टाकी काठोकाठ भरलेली, काचनळीत पाणी वरच्या टोकाला टेकलेलं, आणि ताईच्या खोलीत दिवा लागलेला.

"ताई, तुझी पाळी," बचतराव म्हणाले.

"ऐकलं," आतून आवाज आला. मग ताई बाहेर आली. तिची अंघोळ झालेली होती, केस विंचरलेले होते, हातात चहाचा कप होता. "मला हल्ली सकाळी उठवत नाही. आळस येतो. मी आपली दुपारी शेवटी घेत जाईन. कोणाला पहाटेची हौस असेल तर त्याने घ्यावं."

"आळस? तुला?"

"वय झालं, दादा. माणूस आळशी होतं." तिने खाली वाकून बघितलं. "ए धाकटे, काय बघत उभी राहिलीस? लाव पंप. ऊन तुझ्यासाठी थांबायचं नाही."

धाकटीने पंप लावला. दहाच्या आत चाळीस चादरी दोरीवर होत्या, आणि दुपारी त्या हातात घेतल्यावर कडक वाजत होत्या.

महिना संपला तेव्हा मॅनेजरने घड्यांमध्ये नाक खुपसलं, कोपरे चिमटीत धरून बघितले, आणि पुढच्या महिन्यापासून साठ जमतील का म्हणून विचारलं. धाकटीने मनात बारा गुणिले साठ केलं आणि चाळीसच म्हणून सांगितलं. कायमचं ठरलं. तळमजल्यावर पाटी लागली. धाकटा आता दिवसा जागा असतो; चादरीच्या कडा त्याला अजून सरळ येत नाहीत, पण बोलायला घरात माणूस असतं.

तर या व्यवहारात भरलं कोणी? बचतरावांनी दर पाळीला एकशे तेवीस लिटर भरले, आणि जिन्यातला कागद स्वतः उतरवला. पेंटरकाकांनी एकशे तेवीस लिटर, तांबडा रंग आणि पाटीची मजुरी. धाकट्याने रात्रपाळीचा भत्ता. धाकटीने कोपरापर्यंत सुरकुतलेले हात. ताईला एकशे तेवीस लिटर वाढून मिळाले होते. तिने पहिला नंबर दिला, आणि जन्मात कधी पाचनंतर न उठलेल्या बाईने आपण आळशी झालो असं सगळ्या घरासमोर सांगितलं. रक्कम मोठी होती. तिने ती एकदाच, चहाचा घोट घेत, पुरी भरली.